हरणाची रेघ

हरीण : जिवंत आणि मेलेल्यांच्या सीमेवर उभं राहतं. पलीकडची वाट दाखवतं.

कावळा : लढाईवर घिरट्या घालतो. कोण पडणार ते त्याला आधी कळतं.

दोन कटिंग चहा. एक बिनसाखर.

अनोळखी मृतदेह. पुरुष. वय पंचवीस ते तीस. उरणजवळची खाडी.

आपण संपर्क करत असलेली व्यक्ती.

सॅल्मन मासा : जगातलं सगळं ज्ञान.

"मॅडम, नीट बघा," हवालदार म्हणाला आणि त्याने मोबाइल काउंटरवर ठेवला.

पनवेलमधलं हे टॅटूचं दुकान निशाचं. भिंतीवर केल्टिक, म्हणजे जुन्या आयरिश कथांमधल्या, प्राण्यांचा तक्ता, प्रत्येकाखाली त्याचा अर्थ. त्या वर्षी कळंबोलीपासून उरणपर्यंतच्या पोरांना फांद्यांसारख्या शिंगांचं हरीणच हवं होतं. तिने चौदा दंडांवर ते काढलं. चौदावा दंड तिच्या भावाचा. धनेश उरणला मालवाहू बार्जवर कामाला होता. पाच दिवस त्याचा फोन बंद होता. समुद्रात रेंज नसते, असं ती आईला रोज सांगत होती.

फोटोत एक दंड होता. फुगलेला, पांढरट. त्यावर हरीण. काम तिच्याच हातचं.

"चेहरा?"

"राहिला नाही. आज ओळख पटली नाही, तर उद्या बेवारस म्हणून उरकतील."

बाकावर तिची आई हौसा चहाचा ग्लास धरून बसली होती.

"काय गो दावतोय तो?"

"गिऱ्हाइकाचं काम हाय, आये."

"मंग घाम का फुटलाय तुला? पंखा तर चालू हाय."

"आई का तुमची?" हवालदाराने आवाज खाली आणला. "तुमचा भाऊ बार्जवर असतो, म्हणून आधी इथे आलो. त्यांना दाखवू?"

"नको."

निशाने फोटो मोठा केला. हे हरीण एकाच रेघेचं असतं. रेघ शिंगातून निघते, पाठीवरून पायात उतरते, फिरून शिंगात मिळते. तिला सुरुवात नाही, शेवट नाही. तेरा जणांच्या दंडावर ती तशीच होती. धनेशची तेवढी उघडी राहिली होती. ऐन कामात बार्जवरून फोन आला आणि तो उठला. शेवटच्या शिंगाशी तांदळाच्या दाण्याएवढी जागा कोरी.

"आल्यावर जोड," तो शर्ट चढवत म्हणाला होता. "हरीण काय पलून जातंय?"

तिने फोटो बोटाने सरकवत नेला. फोटो दोनदा निसटला. पाठ. पाय. मान. शेवटचं शिंग.

रेघ जोडलेली होती.

तिने डोळे मिटले, उघडले, पुन्हा पाहिलं. कुठेच फट नव्हती.

"माझा भाऊ नाही," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला.

"खात्री आहे?"

"मी काढलेलं मी ओळखणार नाही?"

बाकीच्या तेरांपैकी कोण, हे तिला सांगता येईना. हवालदाराने कागदावर ‘ओळख पटली नाही’ असं लिहिलं, मोबाइल खिशात टाकला आणि तो पायऱ्या उतरला.

मग निशा आईशेजारी जाऊन बसली. खाडीत कोणीतरी सापडलाय, आपला धनेश नाय, एवढंच तिने सांगितलं. कसं ओळखलं ते सांगितलं नाही. हौसाच्या ग्लासातला चहा लुगड्यावर सांडला. तिने देवाचं नाव घेतलं. मग हसली. मग पदराने चहा टिपला.

"कोनाचा असंल गो?" ती म्हणाली. "त्याची पन आय वाट बगत असंल."

धनेश कामावर निघाला, त्या सकाळी हौसाने निशाच्या माघारी त्याला अंगणात बसवलं होतं. तरुणपणी ती गावातल्या बायकांना गोंदायची. अर्धवट गोंदण घेऊन पोराने पाण्यावर जाऊ नये, म्हणून काजळीत सुया बुडवून तिने ती तांदळाएवढी जागा भरून काढली होती.