दुसरा कप

दर रविवारी नवरा तळ्यावर जायचा आणि चक्क हसत यायचा. छापखान्यात आठवडाभर डाफरणारा माणूस नुसती झाडं बघून निवळतो, हे मला पटेना. गेल्या रविवारी मागोमाग गेले, पण शिंकले आणि पळाले. आज त्याच्या पिशवीत भरलेला थर्मास आणि दोन कप दिसले. याला तर चहा करता येत नाही, मग केला कुणी? तळ्याकाठी जुन्या झाडामागे लपले. त्यानं दोन्ही कप भरले, एक शेजारी ठेवला. कुणीच येईना. पायावर मुंग्या चढल्या, तरी हलले नाही. तो पाठमोराच म्हणाला, "ये, चहा गार होतोय. गेल्या खेपेला शिंकलीस, तेव्हाच म्हटलं दुसरा कप आणू." मुकाट्यानं बसले. पाणी शांत, चहा फक्कड. दुसऱ्या घोटाला विचारलं, "घरी बावीस वर्षं 'चहा करता येत नाही' का सांगितलंस?" तो झाडं बघायला लागला.