बोटावरची रेघ

पेन्सिलीने फुली मारून शर्वरीने मतपत्रिका पेटीत टाकली आणि सवयीने डाव्या हाताचं बोट पुढे केलं. टेबलापलीकडच्या बाईंना काही उमजेना. त्यांनी ते बोटच धरून हस्तांदोलन केलं!

स्कॉटलंडने स्वतंत्र व्हावं का, यावर आज सारं ग्लासगो घुमत होतं. इथे राहते म्हणून सांगलीच्या शर्वरीलाही मत होतं. इथेच जन्मलेल्या सासऱ्यांना मात्र नव्हतं. त्यांचं बिऱ्हाड आता इंग्लंडात. तरी पहाटेच गाडी दामटत आले होते.

"हो की नाही?" ती बाहेर येताच त्यांनी विचारलं.

"सांगणार नाही, डॅड! पण आमच्याकडे मत दिलं की अशी शाई लावतात." तिने काजळाच्या पेन्सिलीने नखावर रेघ ओढली.

सासऱ्यांनी ती निरखली. मग हळूच आपलं बोट पुढे केलं.