भिंतीवरचे राष्ट्राध्यक्ष

"हार काढ आधी! जित्या माणसाच्या फोटोला कुणी हार घालतं का?" यानिनाबाई सुनेवर कडाडल्या.

दसऱ्याला नव्या सुनेने भिंतीवरचा गोरा म्हातारा सासूचा बाप समजून त्याला झेंडूचा हार घातला होता. तो होता पोलंडचा राष्ट्राध्यक्ष, लंडनमध्ये बसलेला. दुसऱ्या महायुद्धात देश हातचा गेला, पुढे तिथे कम्युनिस्ट राजवट बसली, पण एकामागून एक राष्ट्राध्यक्षांनी ते पद परमुलखात जपलं. कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या पोलिश निर्वासित छावणीत यानिनाबाईंची आई पहिल्याच्या फोटोखाली बीटाचं सार ढवळत म्हणायची, "आधी हा घरी पोचेल, मग मी डोळे मिटेन." ती छावणीतच गेली. लेकीने कोल्हापुरात संसार थाटला, आणि दर नव्या राष्ट्राध्यक्षाचा फोटो मागवून भिंतीवर लावत राहिली.

नव्वदच्या डिसेंबरात टीव्हीवर बातमी आली. लंडनच्या शेवटच्या राष्ट्राध्यक्षाने वॉर्सात जाऊन, लोकांनी निवडून दिलेल्या राष्ट्राध्यक्षाच्या हाती राजमुद्रा सोपवली होती.

यानिनाबाईंनी भिंतीवरचा फोटो उतरवला. इतकी वर्षं ट्रंकेत ठेवलेला आईचा फोटो पदराने पुसून त्याच खिळ्याला अडकवला.

"सूनबाई, हार आण गं. आई आज गेली."