खुर्ची फिरवा, बाबा

“आता?” स्पीकरच्या मागून भिंगरीने डोकं बाहेर काढलं. केसांत जळमट, हातात पेचकस, आणि चेहरा असा, जणू आत्ता रॉकेटच सोडतेय.

खुर्चीत बसलेल्या बाबांनी डोळे मिटून गाणं ऐकलं. “अजून डावाच बारीक येतोय.”

“म्हणजे अँप्लिफायर निर्दोष सुटला. वायरींची अदलाबदल करूनही डावाच बारीक, तर दोष स्पीकरचा.”

“मी काय म्हणत होतो? हिच्या भावाने सोफा सरकवताना धडक दिली होती त्याला.”

“घरात काही बिघडलं की माझा भाऊ,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “तुमचा गुडघा दुखतो, तोही त्यानेच सरकवला असेल.”

बाबा हसले नाहीत. परवा बाबांच्या डेपोत सगळ्या ड्रायव्हरांची तपासणी व्हायची होती. डोळे आणि कान. नापास होईल त्याच्या हातून बस जाणार. घरात हा विषय कोणी काढत नव्हतं, पण बाबा सकाळपासून या स्टिरिओच्या मागे हात धुऊन लागले होते.

भिंगरीने दोन्ही स्पीकर उचलून त्यांच्या जागाच बदलल्या. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. आता बारीक आवाज उजव्या बाजूला जायलाच हवा होता.

गाणं सुरू झालं. बाबांचा अंगठा खुर्चीच्या दांडीवर घासत राहिला.

“डावा,” ते म्हणाले.

“उठा बघू जरा,” म्हणत भिंगरी स्वतः खुर्चीत बसली. दोन्हीकडून सारखंच. गाणारी बाई अगदी नाकासमोर, मधोमध उभी असल्यासारखी.

“काय गं?” बाबांनी विचारलं.

“खोलीचा प्रताप असेल,” ती घाईघाईने म्हणाली. “डावीकडे तो जाडजूड पडदा आहे ना, आवाज खात असेल. खुर्ची फिरवा, बाबा. मागच्या भिंतीकडे तोंड करून बसा.”

आई हात पुसत दारात आली. “राहू दे गं. जुनं खोकं आहे, द्या टाकून,” म्हणत ती पुन्हा आत वळली.

बाबांनी खुर्ची फिरवली. बसता बसता, सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, “म्हणजे आता उजवीकडे बारीक आला, तर दोष खोलीचा. बरोबर?”

“बरोबर.”

पण पेपर हातात पडण्याआधीच उत्तर विचारून ठेवणारी मुलं तिने वर्गात पाहिली होती. बाबांची पाठ तिच्याकडे होती. तिने बॅलन्सचं बटण धरलं आणि हळूहळू पार टोकापर्यंत फिरवलं. बाबांच्या डाव्या हाताचा स्पीकर मुका झाला. सगळं गाणं आता एकट्या उजव्यातून येत होतं.

बाबांनी ऐकलं. मानही डोलावली.

“गेला बघ उजवीकडे,” ते म्हणाले. “उजवा अगदीच बारीक. आणि डावीकडून काय खणखणीत येतंय. खोलीच आहे गं. पडदा काढून टाकू.”

भिंगरीने गाणं बंद केलं.

“बाबा, डावा मी बंद केला होता.”

भिंतीकडे तोंड करून बाबा तसेच बसून राहिले. मानेमागची शीर तेवढी ताठ झाली.

“बसचं दार डावीकडेच असतं ना, बाबा?” तिचा आवाज चिरकला. “माणसं तिकडूनच चढतात.”

“परवाचं एवढं होऊन जाऊ दे,” बाबा म्हणाले. “तोवर आईला कळू द्यायचं नाही. हो म्हण.”

आई केव्हाच दारातून येऊन त्यांच्या डाव्या खांद्यापाशी उभी राहिली होती.

“मला कळलंय,” ती हलकेच म्हणाली.

बाबांनी वळूनही पाहिलं नाही.

“हो म्हण ना, भिंगरे,” ते भिंतीला म्हणाले.