ज्याची त्याची जागा

आमच्या बालवर्गातल्या पोरांना अजून वाचता येत नाही, म्हणून मी प्रत्येक डब्यावर आतल्या वस्तूचं चित्र चिकटवलं. नियम एकच: ज्याचं चित्र जिथं, त्याची जागा तिथं. पोरं इतकी तयार झाली, की ठोकळ्यांच्या डब्यात चुकून कात्री दिसली तरी वर्गात रडारड व्हायची.

मोठ्या बाईंना हे फारच आवडलं. "पण ही शिस्त कुणामुळे, ते पालकांना कळायला नको?" असं म्हणत त्यांनी भिंतीतल्या नव्या, रिकाम्या कपाटावर स्वतःचा हसरा फोटो लावून घेतला.

आज आवराआवरीच्या वेळी त्या वर्गात थांबल्या, म्हणून मी डिंकाची बाटली आणायला गेले. परत येऊन बघते तर काय, वर्ग आरशासारखा लख्ख! खडूचा तुकडासुद्धा खाली नाही. अख्खा वर्ग मात्र कपाटाच्या दाराला पाठ लावून उभा, आणि आतून धडाधड आवाज.

 

"बाई, बाकी सगळं पटकन बसलं," सगळ्यात चिमुरडी धापा टाकत म्हणाली, "मोठ्या बाई तेवढ्या मावता मावत नव्हत्या."