हातमोज्यांचं माप

लग्न नाही, मूलबाळ नाही, अशी शेकर या ख्रिस्ती पंथाची शिस्त; वस्ती ओसरत ओसरत दोघांवर आली होती. अंथरुणाला खिळलेला एल्काना म्हणाला, “टॅबिथा, हातात हात दे गं.” “बाईनं पुरुषाला हात लावायचा नाही, ब्रदर.” “या वयात कुठे पळवून नेणार तुला?” तो हसला. तिनं हात दिला नाही. नवे लोकरी हातमोजे उशाशी ठेवले. चाळीस वर्षं त्याचे हातमोजे तीच विणायची. पहिलं माप लांबून नजरेनं घेतलेलं, पुढची सगळी जुन्या जोडावरून. पहाटे तो गेला. पुरुषाचं प्रेत पुरुषांनीच धुवायचं, पण पुरुष उरलाच नव्हता. टॅबिथानं पाणी तापवलं, तो गार हात पहिल्यांदाच हातात घेतला, स्वच्छ पुसला. नवा हातमोजा चढवायला गेली तर पेरांवरच अडला. दुसराही. चाळीस हिवाळ्यांत हा माणूस एकदाही म्हणाला नव्हता, “घट्ट होतात गं.”