पायाखालची नावं

"नाव कुठं घालणार?" मी पावतीपुस्तक उघडायच्या आधीच निंबाळकर सरांनी विचारलं.

"फरशीवर."

"म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर लोकांनी पाय द्यायचा? त्यापेक्षा बाक देतो की एक!"

पुन्हा बाकच! आमच्या दोन बागांत मिळून एकोणीस बाकं आहेत आणि प्रत्येकाच्या पाठीवर कुणाचे तरी आजोबा. बसायला जागा उदंड. पण एका बागेतून दुसरीत जायचं तर मधला ओढ्याकाठचा चिखल तुडवावा लागतो. नगरपालिकेनं वाटेसाठी जागा दिली, फरश्या मात्र तुम्हीच आणा म्हणाली. दोन महिने मी दारोदार फिरलो, पण एकही फरशी जमली नाही.

रविवारी बागेतल्या बैठकीत मी सगळ्यांसमोर हात टेकले. तेव्हा शेवटच्या बाकावरून खरमाटे वहिनी उठल्या. "आमच्या ह्यांचं नाव घाला. शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. खिडकीखालून जाणाऱ्यांची पावलं ऐकत पडायचे, पावलावरून माणूस ओळखायचे. लोक चालू देत त्यांच्या नावावरून. त्यांना बरंच वाटेल."

मी पहिली पावती फाडली.

निघताना फाटकाशी निंबाळकर सर माझी वाट बघत उभे होते.

"वडील पोस्टमन होते माझे," ते म्हणाले. "उभा जन्म चालले."

मग खिशातून पाकीट काढत म्हणाले, "त्यांची फरशी कडेला नको. मधोमध बसवा, सगळ्यांचे पाय पडतील अशी."